टोपीवालं की डब्यावालं

त्या रविवारी मंगलीबाईला तिच्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती. बंदी घातली होती लेकीने, दिव्याने, आणि तिला दुजोरा दिला धाकट्या लेकाने. ज्या बाईने आजवर आपल्या नजरेआड कोणाला पळीसुद्धा हलवू दिली नव्हती, तिने ती बंदी मुकाट्याने मानली आणि आलापल्लीच्या त्या वनखात्याच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत चिंचा फोडत बसली. इतक्या सहजासहजी ऐकते म्हणजे माय आता थकली, असं दिव्याला वाटलं आणि तिचा जीव जरा हळहळला. हळहळायचं काही कारण नव्हतं. मंगलीबाई मनातून खूश होती आणि ती खुशी चेहऱ्यावर येऊ नये म्हणून चिंचेत डोकं घालून बसली होती.

तिला परत जायचं होतं. पेरमिलीच्या पुढे फाटा फुटतो, तिथून आत कोहकाटोल्याला, तिच्या वारलेल्या नवऱ्याने, बुधूने बांधलेल्या घरात. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून ती चार दिवसांसाठी इथे आली होती. तेव्हा जन्मलेली नात, प्रिया, आता शाळेत पाढे म्हणत होती आणि मंगलीबाईचे चार दिवस काही सरले नव्हते. थोरला पवन वनरक्षक, त्याच्या जाण्यायेण्याला धरबंध नाही. सून नंदिनी दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. धाकट्या दिनेशचं चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याला मोबाईलचं पोट फाडून पुन्हा शिवता येई, पण अंडं उकडायचं म्हटलं की घाम फुटे. कोहकाटोल्याचा विषय निघाला की तिघांचं उत्तर एकच असे, "माय, तू गेली तर घरात रांधन कोण?" यावर मंगलीबाई पुन्हा स्वयंपाकाला लागे. आणि 'मला जायचंच आहे' हे तोंड उघडून सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती आपली आडून आडून सांगे, की घराचे कवेलू, छपरावरची कौलं, फिरवायला झालेत. पवन लगेच माणूस पाठवून कवेलू फिरवून घेई. कवेलू फिरले, मंगलीबाई जागची हलली नाही.

म्हणून शनिवारी सासरहून, वरोऱ्याहून दिव्या सुट्टीला आली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "वयनी, आता टेन्शनच नाई. हप्ताभर काय रांधायचं ते मोबाईलच सांगते," तेव्हा घरात कान टवकारले फक्त एका माणसाने, आणि ते माणूस साठी ओलांडलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मग बैठकच बसली. अ‍ॅप एक नव्हतं, दोन होती. दिव्याच्या अ‍ॅपच्या चित्रात आचाऱ्याची उंच टोपी होती. दिनेश म्हणाला, त्यापेक्षा माझ्याकडे एक चांगलं आहे. त्याच्या चित्रात डबा होता. मंगलीबाईला वाचता येत नसे, तिने लगेच नावं ठेवून टाकली, टोपीवालं आणि डब्यावालं. पुढे सगळं घर तीच नावं घेऊ लागलं.

"टोपीवाल्याले काहीच सांगा लागत नाई," दिव्या सांगत होती. "घरात माणसं किती, राहता कुठी, एवढं टाकलं का झालं. तेच हप्त्याचा सयपाक ठरवते, तेच बाजाराची यादी देते, कोणती भाजी सध्या सस्ती हाये ते बी त्याले ठावं हाये."

"राहता कुठी म्हणून काय टाकलं?" मंगलीबाईने विचारलं.

"आलापल्ली त्याच्या यादीतच नाई. मंग चंद्रपूर टाकलं."

"चंद्रपूर इथून कितीक दूर हाये."

"अवं माय, त्याच्यानं काय होते!"

दिनेशचं डब्यावालं अगदीच भोळं होतं. त्याला स्वतःचं असं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या पाककृती आपणच भरायच्या, आपणच वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या, आणि हवं तेव्हा कुठला डबा उघडायचा हे सांगायचं. दिनेशने गेला आठवडाभर मायच्या मागे मागे हिंडून बरंच भरून घेतलं होतं. अंबाडीची भाजी, लाखोरीच्या डाळीचं वरण, वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. "भात किती वेळ ठेवायचा?" असं त्याने विचारलं की माय सांगे, "वास येईस्तोवर." त्या जागी आकड्याशिवाय काही लिहिता येईना, म्हणून त्याने वीस लिहिलं. मंगलीबाईला हा प्रकार फार आवडला. वीस म्हणजे वास, हे तिने लक्षात ठेवलं.

"याच्यात माणसं किती घातले?" तिने दिव्याच्या मोबाईलवर वाकून विचारलं.

"पाच. सहावी मी, पाव्हणी."

"पाव्हणी आली का आकडा वाढवायचा?"

"हो, इथी दाबायचं."

"आन पाव्हणी गेलीच नाई तर?"

दिव्या खळखळून हसली. तिला वाटलं, माय आपल्यालाच चिमटा काढते आहे. दिनेशही हसला. नंदिनी मात्र हसली नाही. ती प्रियाची वेणी घालत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि तिने सासूकडे पाहिलं. मंगलीबाईने लगेच दुसरीकडे पाहिलं.

"सयपाकाले मोबाईल!" पवन खाटेवर आडवा पडून म्हणाला. "उद्या जेवाले बी मोबाईलच आणा. माय हाये ना घरात? मंग पाह्यजे कायले?"

"मले बी तसंच वाटते," नंदिनी हळूच म्हणाली. "आईच्या हाताले चव हाये. चालून राह्यलं ते चालू द्या ना."

अशी तारीफ ऐकून दुसरी सासू फुलून गेली असती. मंगलीबाई धास्तावली. नवराबायको कधी नव्हे ते एका बाजूला झाले होते. ती घाईघाईने म्हणाली, "पाह्यले काय हरकत हाये? पाहू तर खरं, कसं करते ते."

"बस! उद्याच पाहू," दिव्या म्हणाली. "उद्या टोपीवाल्याचं, पुढच्या रविवारी डब्यावाल्याचं. पण माय, तू आत यायचं नाई. तू आत आली का तूच रांधते आन म्हणते मोबाईलनं रांधलं."

तर अशी ती बंदी.

रविवारी पवन उजाडायच्या आत जंगलात गेला. मोहाचे दिवस, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, तो वणवा पसरू नये म्हणून वनखात्याची माणसं दिवसभर पळत असतात. नंदिनी सकाळच्या ड्युटीला गेली. प्रिया शेजारच्या क्वार्टरमध्ये खेळायला. दिनेशने मोबाईलमधली यादी उघडली आणि बाजारात जाऊन एकेका वस्तूवर टिचकी मारत सगळं घेऊन आला. यादीबाहेरचं काही आणलं नाही आणि यादीतलं काही विसरला नाही, याचं त्याला मोठं कौतुक वाटत होतं.

आत मिक्सर वाजला. मोबाईलमधली एक बाई गोड आवाजात हिंदीतून काहीतरी सांगत होती. दिव्या तिला मध्येच थांबवी, भांडं आपटे, पुन्हा चालू करी. मंगलीबाई कान देऊन ऐकत होती. फोडणी बरोबर पडली, हे तिला आवाजावरून कळलं. वांगं भाजल्याचा वास आला, तोही बरोबर होता. तिला वाटलं, चाललंय की! पोरं उपाशी मरायची नाहीत. सोमवारी पवनजवळ विषय काढू. मोह अजून पडतो आहे, निदान शेवटचे आठ दिवस तरी सोमारीसोबत पहाटे टोपली घेऊन जाता येईल.

सोमारी तिची जाऊ. दीर लालसू आणि सोमारीचं घर कोहकाटोल्यात तिच्या घराला लागूनच. दोघी फोनवर बोलत, आणि काय बोलत ते घरात कोणी विचारत नसे.

दिनेश मध्येच बाहेर आला. "माय, भाताले पाणी..."

"तिले इचारायचं नाई!" आतून दिव्या ओरडली.

"मी इथी नाईच हावो," मंगलीबाई गंभीरपणे म्हणाली, आणि दिनेश डोकं खाजवत परत गेला.

थोड्या वेळाने आतून किसणीचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एक आंबट, हिरवा वास. मंगलीबाईच्या हातातली चिंच हातातच राहिली.

कैरी.

तिने पुन्हा वास घेतला. शंकाच नको.  मरका पंडुम, नव्या आंब्याचा सण, अजून झाला नव्हता. तिच्या गावात आंबा डोक्यावर पडला तरी पंडुमाच्या आधी कोणी तोंडात घालत नाही. गावातले बसून दिवस ठरवतात, भूमिया, म्हणजे गावचा पुजारी, पहिला आंबा गावदेवाला आणि पूर्वजांना ठेवतो, मग सगळं गाव मिळून खातं. यात धाक कमी आणि रीत जास्त. बाप जेवायचा असताना पोरगं ताटावर बसत नाही, तसंच हे. बुधूने जन्मात कधी आधी खाल्ला नाही. पवन सरकारी खाकी घालून दिवसभर आंब्यांखालून फिरतो, पायाखाली कैऱ्या चिरडतात, पण तोही तोंडाला लावत नाही. या एका बाबतीत तो अगदी बापावर गेला होता.

"दिनेश!" तिने हाक मारली. "काय काय रांधून राह्यले रे?"

"माय, बंदी!" आतून दिव्या.

"नुसतं इचारून राह्यली ना."

दिनेशने दारात येऊन मोबाईलमधून ऐटीत वाचून दाखवलं, "कैरीची डाळ, भात, वांग्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर." वाचताना तो जराही अडखळला नाही. मंगलीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. याला काहीच कसं वाटत नाही? मग तिच्या लक्षात आलं, की वाटणार कसं? इतकी वर्षं कैरी या घरात शिरू दिली नाही ती आपण. का शिरू देत नाही हे कधी बोललो नाही. पंडुम झाला की एक दिवस आपणच टोपलीभर आंबे आणून ठेवतो आणि पोरं खातात. सगळं आपण डोक्यात धरून बसलो, मग पोरांच्या डोक्यात ते कुठून येणार?

आता बोलायचं की गप्प बसायचं? बोललं, तर टोपीवालं हरलं, आणि त्याच्यासोबत आपलं जाणंही गेलं. पवन म्हणणार, बघा, मायशिवाय चालत नाही. गप्प बसलं, तर कोणाला काही कळणार नाही. दिव्या तर सासरी हे सगळं सोडूनच बसली आहे, दिनेशला पत्ता नाही, नंदिनी बौद्ध घरातली, तिच्या माहेरी ही रीत नाही. राहिला पवन. त्याला तरी डाळीत काय किसलंय ते कुठे दिसणार? मंगलीबाईने एवढा विचार केला आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी ती उठली नाही. जागच्या जागी बसून राहिली, चिंच फोडली नाही, आतही गेली नाही.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पवन आला, अंगाला धुराचा वास, डोळे लाल. त्याच्या मागोमाग नंदिनीही आली. दिव्याने ताटं मांडली. प्रियाला शेजारून हाक मारून आणलं. सगळं कसं वेळेवर झालं होतं आणि दिव्याच्या चेहऱ्यावर लग्न पार पाडल्यासारखं समाधान होतं.

"माय, ये आता. बंदी उठली," ती म्हणाली.

पवनला कडकडून भूक लागली होती. त्याने भाताचं आळं केलं, दिव्याने त्यात डाळ ओतली, आणि त्याने घास कालवला.

"पवन, थांब," मंगलीबाई दारातून म्हणाली. "खाऊ नोको. कैरी हाये त्याच्यात."

पवनचा हात ताटावरून मागे आला. प्रियाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिनेही हात मागे घेतला.

"कैरी?" पवन दिनेशकडे वळला. "कैरी आणली कोणं?"

"यादीत होती," दिनेश म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "यादीत होती, म्हणून आणली ना दादा."

"म्हणजे काय, पंडुम नाई झाला म्हणून?" दिव्या म्हणाली. "अरे, बाजारात ढीग लागले हायेत कैरीचे. वरोऱ्याले आमी कवाचेच खाऊन राह्यलो."

"तुह्या घरी तुले काय खायचं ते खा. इथी नाई चालत."

"तुह्या घरी?" दिव्याच्या हातातली पळी थांबली. "हे माह्यं घर नाई का मंग? सकाळपासून घाम गाळून राह्यली ते कोणासाठी?"

"दिव्या," मंगलीबाई म्हणाली, "डाळ चांगली झाली बाई. वासावरून समजते. चूक तुह्यी नाई."

"आता समजलं?" पवन मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाला. त्याचा राग ओसरला होता आणि त्या जागी अभिमान आला होता. "म्हणूनच मी सांगून राह्यलो. माय नसती तर आज आपण खाल्लं असतं. ठेवा तो मोबाईल बाजूले. मायशिवाय हे घर चालतच नाई."

मंगलीबाई भिंतीला टेकून बसली. झालं ते तिने स्वतःच्या तोंडाने केलं होतं, कोणाला बोल लावायची सोय नव्हती.

दिव्याने रागारागाने डाळीची ताटं उचलली. दिनेशने कोरा भात वाढला. सगळे भरीत-भात कालवू लागले. तेवढ्यात नंदिनी म्हणाली, "आई, एक इचारू? पंडुम कवा हाये, ते तुमाले कसं समजते? कॅलेंडरात तर लिहून नसते."

प्रश्न साधा होता, पण तो या घरात आजवर कोणाला पडला नव्हता. पवनचाही घास थांबला. तोही उत्तराची वाट पाहू लागला.

"मले कुठी समजते?" मंगलीबाई म्हणाली. "तिथी गावातले ठरवतात. मी सोमारीले फोन करून इचारते."

"मंग आता इचार ना," पवन म्हणाला. "औंदा कवा हाये ते तरी समजन. दिनेश, लाव काकीले."

"जेवून घ्या आधी. मंग लावू," मंगलीबाई घाईने म्हणाली. पण चूक भरून काढायला उतावळा झालेल्या दिनेशने तोवर नंबर फिरवून, आवाज मोठा करून, मोबाईल ताटांच्या मधोमध ठेवलासुद्धा.

सोमारी फोनवर बोलत नसे, फोनमध्ये ओरडत असे. आधी तिने गोंडीतून सगळ्यांची विचारपूस केली. मग पंडुमाचं विचारल्यावर म्हणाली, "अजून नाई ठरला. भूमिया म्हणते, लोकं मोहाले गुंतले हायेत, मोह सरू दे. पण मंगली, ते सोड, तू कवा येऊन राह्यली ते सांग ना! मी तुह्यं आंगण सारवून ठेवलं, चूल बी लिपली. तूच म्हणली होती ना, पोरायचं सयपाकाचं मार्गी लागलं का येतो म्हणून? लागलं का मार्गी? ते मोबाईलचं काय झालं?"

"ठेव आता. मंग बोलतो," मंगलीबाई कशीबशी म्हणाली.

दिनेशने मोबाईल उचलला. प्रिया सोडून कोणी जेवत नव्हतं.

"हे काय हाये, माय?" पवनने विचारलं.

मंगलीबाईने पदराला हात पुसले.

"तुले जायचं हाये?"

"हो," ती म्हणाली. एवढा एक शब्द, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं हा कुठे अडकून बसला होता?

"काऊन? इथी काय कमी हाये तुले?"

"काहीच कमी नाई. काही कमी नाई, म्हणूनच सांगता येत नोतं."

"मले सांगायचं होतं!"

"कवेलूचं सांगतलं, तू माणूस धाडला. आंगणात गवत वाढलं म्हणली, तू पुन्हा माणूस धाडला. तू लय चांगला पोरगा हायेस पवन. तुह्यासंगं भांडता बी येत नाई."

दिव्याला हसू आलं आणि ते तिने आवरलं. पवनला मात्र हे चांगलंच लागलं होतं. तो म्हणाला, "तिथी एकटी राह्यशील? रातच्याला काही झालं तर? लोकं म्हणतील, दोन पोरं असून मायले गावात टाकून दिलं."

"लोकं नाई म्हणत. तूच म्हणून राह्यला. लालसू न सोमारी भिंतीपलीकडं हायेत."

"मले ठावं होतं," नंदिनी मध्येच म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "आईले जायचं हाये ते मले कवाचंच समजलं होतं. म्हणूनच काल म्हटलं, मोबाईल नोको. आपलं लग्न झालं तवा माह्या माहेरचे, आरमोरीचे बी बोलत होते न तुमच्या गावचे बी. आई एकट्या काही बोलल्या नाई. माह्यं ताट वाढलं न म्हणल्या, जेव. अजून बी ड्युटीवरून येते तवा माह्यं ताट झाकून ठेवलेलं राह्यते. आई गेल्या तर ते नसन, एवढाच माह्या मनात स्वार्थ." तिचे डोळे भरले होते, पण ती बोलायची थांबली नाही. "पण मी बी या घरात नवी आली तवा रोज वाटे, उठावं न आरमोरीले जावं. मले जाता तरी येत होतं. आईले आमी जाऊच देत नाई."

"म्हणजे तू बी?" पवन म्हणाला. काल जी त्याच्या बाजूला होती ती आज उठून पलीकडे गेली होती.

"तुमीच सोचा ना. आज तुमी ताटावरचा हात मागं घेतला. पंडुमचा दिवस या क्वार्टरमधी बसून कोणालेच समजणार नाई, आईले बी नाई. तो तिथी ठरते. मंग आपलं माणूस तिथी पाह्यजे का इथी?"

 दिनेश मोबाईल चाळत होता. तो एकदम म्हणाला, "वयनी, डब्यावाल्यात होते! कैरीचं जे जे हाये ते एका डब्यात टाकून बंद करून ठेवतो. मायनं फोन केला का उघडायचं."

"टोपीवाल्यात बी होते," दिव्या हार मानायला तयार नव्हती. तिने भराभरा बोटं फिरवली. "हे पाह्य. 'कैरी आवडत नाही' असं टाकलं का ते कैरीचं सांगणारच नाई."

"आवडत नाई?" मंगलीबाई पुढे वाकली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "खोटं काऊन सांगायचं त्याले? आवडते ना. फक्त अजून आपली झाली नाई."

असं काही सांगायची सोय टोपीवाल्यात आहे का, ते दिव्याने शोधलं. बराच वेळ शोधलं. मग तिने मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे, तुमचं डब्यावालंच ठेवा. माह्यं मी वरोऱ्याले नेतो." आणि तिने कैरीच्या डाळीचं पातेलं उचललं. शेजारच्या क्वार्टरमधली माणसं चंद्रपूरची होती, त्यांच्याकडे देऊन आली. परतली ती रिकामं पातेलं घेऊन, आणि येऊन मायला खेटून बसली.

पवन खाली मान घालून जेवत होता. भरीत-भात संपला तरी तो बोटांनी ताट कोरत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "तिथी तुह्यासाठी रांधन कोण?"

हा तोच नेहमीचा प्रश्न होता, फक्त आज तो उलटून पलीकडे पडला होता. मंगलीबाईला हसू आलं.

"मीच."

"एकटीसाठी?"

"एकटीसाठी. जे खावं वाटन ते रांधीन. नाई वाटलं तर रांधणार नाई, सोमारीच्या चुलीपाशी जाऊन बसन."

पवनने ताट बाजूला सारलं. मग उठला, हात धुतले, आणि तिच्याकडे पाठ करून टॉवेलला हात पुसत म्हणाला, "परवा माह्यी सुट्टी हाये. ऊन चढायच्या आत निघू. मी सोडून देतो."

हे ऐकायला मंगलीबाई इतकी वर्षं थांबली होती. ते ऐकलं आणि तिला रडूच फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर आला. जायचं होतं हे खरं, अगदी खरं. पण जायचं म्हणजे ही खरकटी ताटं, ही वेणी सुटलेली पोर, ही डोळे पुसणारी सून, यांना इथे ठेवून जायचं, असं तिने मनात कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. प्रिया घाबरून आजीकडे पाहत राहिली. पवन धावत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, नोको जाऊ मंग," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

"जातो ना," मंगलीबाईने नाक पुसलं. "रडू बी दे, अन् जाऊ बी दे."